बाबांच्या पत्रावरच्या चौतीस सह्या

बाबांना जाऊन आज एक वर्ष झालं.

आणि मी आज रडणार नाहीये. बढाई मारणार आहे.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीचे धानाचे शेतकरी. एकच खोड, कोणी "होत नाही" म्हटलं की ते करूनच दाखवायचं.

पाच वर्षांआधीची गोष्ट. मी आणि नवरा कॅनडात नवीनच गेलो होतो. ओळख ना पाळख. माझ्या बाळंतपणासाठी आई आली, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर.

मिनू दोन महिने आधीच झाली. एवढीशी!

दोन-अडीच महिने दवाखान्यात. घरी आली तीही नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन. नवऱ्याची नोकरी नवी, सुट्टी नाही. मी नुसती रडकुंडीला आलेली.

आईनं सांभाळली तिला. खरं सांगते, आई होती म्हणून माझी पोरगी तगली.

आणि आईची मुदत संपत आली.

मुदत वाढवायला अर्ज करायचा होता. त्यात पटवून द्यायचं की ही बाई परत जाणार आहे, इथंच ठाण मांडणार नाही. अर्ज नामंजूर झाला तर आईला निघावं लागणार.

नागपूरचा एजंट फोनवर म्हणाला, "ताई, एकदम सोपं आहे. बाबांचं एक पत्र लावा. मी बिमार आहे, बायको परत आलीच पाहिजे, असं लिहायला सांगा."

मी बाबांना तसं सांगितलं. बापरे, काय भडकले!

"मी काय बिमार आहो? खोटं कायले लिहू? टोपलंभर भात खाऊन राहिलो मी!"

"बाबा, नुसतं कागदावर लिहायचं आहे."

"काय लिहाचं ते मी पाहातो. तू पोरीकडं पाहा."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं, हा माणूस सगळं बिघडवणार.

बाबांनी मोटरसायकल काढली आणि ऐन जूनच्या उन्हात बपेऱ्यापासून कारध्यापर्यंत सगळ्या सोयऱ्यांच्या घरी जाऊन आले.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. दंडारीचे नाच-गाण्यांचे खेळ, दुकानं, आणि लेकी-जावई-सोयरे झाडून सारे घरी जेवायला. आमच्या घरची ती पंगत आईशिवाय कधी बसलीच नाही.

बाबांचं पत्र आलं. वहीच्या पानावर.

"आमच्या गावच्या मंडईला खालील पाहुणे माझ्या घरी येणार आहेत. माझी पत्नी नसल्यास त्यांचं कोण करणार? तरी तिला मंडईच्या आधी परत पाठवणे. तोपर्यंत नातीजवळ राहू द्यावे. माझी तब्येत ठणठणीत आहे. धानाची रोवणी मी एकटा पाहून घेईन."

खाली चौतीस नावं. गाव, नातं, आणि प्रत्येकाची सही. बपेऱ्याच्या आत्याचा अंगठा.

एजंट हसतच सुटला. "ताई, हे पत्र आहे की लग्नपत्रिका? हे लावू नका, काम बिघडेल."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत केला आणि लावलं. मीही त्यांचीच पोरगी ना!

मुदत मिळाली. नोव्हेंबरपर्यंत!

तिथल्या साहेबानं पत्र वाचलं की नाही, देव जाणे. पण बाबांनी गावभर सांगितलं, "कॅनडा सरकारनं आपली मंडई मानली!"

सप्टेंबरमध्ये मिनूची नळी निघाली. आई बोललेल्या वेळेत, मान वर करून परत गेली.

मंडईचा दिवस. सगळे चौतीस हजर. मी व्हिडिओ कॉलवर, आई पंगतीत वाढत होती.

आणि आत्या बोलून गेली, "वहिनी, आता तू आली ना, आता त्याच्या गोळ्या तूच पाहा वं."

"कोणत्या गोळ्या?" आईनं विचारलं.

सगळी पंगत खाली मान घालून जेवू लागली.

तेव्हा कळलं. सह्या घेत फिरताना, कारध्याला मावशीकडे, साडभाऊंच्या अंगणातच बाबांच्या छातीत कळ आली होती. पूल ओलांडून त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. हृदयाचा त्रास निघाला.

सह्यांच्या वरचा मजकूर त्यांनी त्यानंतर लिहिला. एजंटनं सांगितलेलं कारण तोवर खरं झालं होतं. तरी माणसानं लिहिलं, तब्येत ठणठणीत आहे.

आणि पाहुण्यांना शपथ घातली. चौतीस जण पाच महिने गप्प राहिले. आमचे नातेवाईक, गप्प! अजून विश्वास बसत नाही.

आई हातात डाव घेऊन बाबांसमोर उभी राहिली.

"अजी, मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू आली असती."

"आलीच असती!"

"म्हणूनच नाही सांगतलं."

आई तिथंच खाली बसली आणि ढसाढसा रडली. मी इकडे. मिनू माझ्या मांडीवर, आपल्या आपण श्वास घेत, शांत झोपलेली.

डॉक्टरचं पथ्य धाब्यावर बसवून बाबांनी त्यानंतर आणखी तीन मंडया पाहिल्या.

शेवटच्या मंडईला आम्ही सारे गावात होतो. मिनूनं आजोबांच्या खांद्यावर बसून दंडार पाहिली. आई ओरडत होती, "उतरवा तिले खाली, जड झाली ते!"

बाबा म्हणाले, "होऊ दे ना वं जड. तेच तर पाहिजे होतं."

बाबा, तुम्ही जिंकले.

तुमच्या पोरीचा आणि नातीचा ताठ मानेनं नमस्कार.