तालमीला बसलेल्या सासूबाई

मी नाटकात काम केलं ते सासूबाईंच्या परवानगीने. तिथेच सगळं चुकलं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या नगरच्या हौशी नाट्यमंडळाने त्या हिवाळ्यात तीन नाटकं करायचं ठरवलं, आणि बायकांच्या भूमिका यंदा बायकांनीच करायच्या, असंही ठरवलं. ठराव एकमताने झाला. बाई मात्र मिळेना. मंडळाचे दिग्दर्शक तात्या शाळेत कवायत शिकवायचे (म्हणून आमच्या नाटकात राजापासून भालदारापर्यंत सगळे डावा पाय आधी टाकत), आणि मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. तात्या घरी आले. माझे यजमान मनोहर सर्व्हे कचेरीत नकाशे काढायचे. ते म्हणाले, "आईला विचारा." कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असे.

सासूबाई, म्हणजे रूथबाई, मिशनच्या जुन्या बायबलबाई. पार अकोले तालुक्यातल्या डोंगरापर्यंत फिरून भर बाजारात येशूची गोष्ट सांगायच्या. कर्णा न लावता बाजार गप्प करणारा आवाज.

"सुशीला काम करील," त्या म्हणाल्या. "पण तालमीला मी बसणार."

त्या विणकाम घेऊन बसल्या. पंधरा दिवसांत त्यांचा एक स्वेटर विणून झाला आणि तीन अंकी नाटक तोंडपाठ झालं. मला अजून दुसरा अंक येत नव्हता. मग तात्यांनी विंगेत बसून वाक्यं सांगायचं कामही त्यांनाच दिलं.

नायक होते पोस्टातले वामनराव. त्यांना मी "नाथ" म्हणताच सासूबाईंच्या सुया थांबल्या.

"परक्या पुरुषाला नाथ म्हणायचं नाही."

"अहो रूथबाई, नाटकात तो तिचा नवराच आहे," तात्या म्हणाले.

"नाटकात असेल. त्याची खरी बायको माळीवाड्यात राहते. मी ओळखते तिला."

शेवटी तोड निघाली. नाथ नाही, आदराने सरळ वामनरावच म्हणायचं. त्याप्रमाणे मी पदर डोळ्यांना लावून हुंदका दिला, "वामनराव, तुमच्यावाचून मी कशी जगू?" नेमक्या त्याच वेळी माळीवाड्यातली ती खरी बायको नवऱ्याचा डबा घेऊन दारात उभी होती. तिने डबा खाली ठेवला आणि वामनरावांना घेऊन गेली. डबा नंतर आम्ही परत पाठवला. वामनराव काही परत आले नाहीत.

प्रयोग आठ दिवसांवर आलेला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमचा मनोहर आहे की. मग खुशाल नाथ म्हण."

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी आईसमोर यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. काही हवं असलं की ते खाकरायचे. (एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की टॉवेल.) तालमीत "प्रिये" हा शब्द आला, की हे विंगेतल्या आईकडे बघत आणि पुढच्या वाक्यावर उडी मारत. तात्या काळजीत पडले. मीच त्यांना म्हटलं, "प्रयोगाला नीट म्हणतील. घरी करून घेते मी." घरी करून घेणार कधी? घरातही सासूबाई होत्याच.

रॉकेल रेशनवर, म्हणून नाटक दुपारी चारला होतं. निम्मं गाव, नायिका खरोखरच बाई आहे का, ते बघायला आलं होतं. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात पाच वर्षं परागंदा झालेला नायक परत येतो, नायिकेचा हात धरतो आणि म्हणतो, "प्रिये, ओळखलंस मला?" हे आले. डावा पाय आधी टाकून आले. माझ्याकडे पाहिलं, विंगेकडे पाहिलं, आणि एकदा खाकरले.

आणि मी, विरहाने झुरलेली नायिका, तडक आत जाऊन पाणी घेऊन आले.

ते पाणी प्यायले. लोक हसायला लागले. विंगेतून आवाज आला, "प्रिये."

यांनी रिकामं भांडं माझ्या हातात परत दिलं.

"प्रिये." या वेळी आवाज बाजारातला होता, शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"हो, आई," हे म्हणाले.

मग काय, मंडप कोसळायचा बाकी राहिला. मी प्रसंग सावरायला पुढे झाले, पण वाक्य आठवेना. तोंडातून निघालं, "हातपाय धुऊन घ्या, ताट वाढते."

सावेडीच्या मळ्यांतून आलेला एक शेतकरी उभा राहून म्हणाला, "आवं, त्या म्हातारीलाच म्होरं येऊ द्या की. तिला समदं येतंय."

सासूबाई आल्या. आम्हा दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि नायक, नायिका, खलनायक अशी सगळ्यांची वाक्यं म्हणून नाटक त्यांनी एकटीने शेवटाला नेलं. आम्ही दोघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे बाजूला उभे. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी तात्या घरी आले. उरलेल्या दोन्ही नाटकांतल्या मुख्य भूमिका सासूबाईंना मिळाल्या. ह्यांना त्यांच्या आज्ञाधारक मुलाचं, एकही वाक्य नसलेलं काम मिळालं, आणि ते त्यांनी इतकं हुबेहूब केलं की लोकांनी नावाजलं.

मला पडदा ओढायला ठेवलं. पहिल्याच खेळात, सासूबाईंचं सगळ्यात लांब भाषण रंगात आलेलं असताना, माझ्या हातून दोर सुटला. चुकून सुटला, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते.