रेडिएटरमधली हळद

एप्रिल १९३९, शनिवार, सकाळी आठ. निपाणीहून बेळगावला निघालेल्या भाड्याच्या मोटरीत आम्ही चौघं: मी, आठव्या महिन्यातली माझी धाकटी बहीण, तिची सासू आणि ड्रायव्हर. सामान एक ट्रंक, एक वळकटी. पाण्याचं भांडं यादीत लिहायचं राहिलं होतं.

बहिणीला सातव्यातच बेळगावला माहेरी आणायचं ठरलं होतं. मी शिकवायचे त्या शाळेच्या परीक्षा आड आल्या आणि मी दिवस पुढं ढकलला. सासूबाई आठव्यात हलवायला तयार नव्हत्या, हट्ट माझा. संकेश्वर मागं पडलं आणि बहिणीच्या पोटात कळ आली.

मी वहीत, कामांच्या यादीच्या पानावर, वेळ टिपली. दुसरी कळ अर्ध्या तासानं. तिसरी त्याहून लवकर. ड्रायव्हर पाण्यासाठी सारखा थांबत होता, तेही मी त्याच पानावर मांडत होते: संकेश्वरला अर्धी बादली, हत्तरगीला एक, वंटमुरी घाटाच्या पायथ्याशी रेडिएटरची टाकी पुन्हा रिकामी.

“लिहून कळा थांबत्यात व्हय गं?” सासूबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरच्या मते रेडिएटर पाझरत होता. भेगा बुजाव्यात म्हणून सकाळीच त्यानं मूठभर हळद आत टाकली होती; सगळेच तसं करत. मी वही त्याच्यापुढं धरली. इतकं पाणी गेलं, पण दर थांब्यावर मी वाकून बघितलं होतं, मोटरीखाली थेंब नव्हता. मग पाणी जातंय कुठं?

त्यानं बॉनेट उघडलं. फडक्यानं धरून इंजिनाचा एकेक प्लग काढला. पहिला आणि चौथा कोरडे, काळे. मधले दोन ओले आणि पिवळे. तेल मोजायची पट्टी ओढली तर तेल फेसाळलेलं.

“कढी झालीया, बाई,” तो म्हणाला. हसला नाही. इंजिनाच्या हेडखालचं गॅसकिट, पाणी अडवणारा पत्रा, मधोमध फाटलं होतं आणि पाणी आत उतरत होतं. उरलेल्या दोन सिलिंडरांवर मोटर घाट चढेल का, त्याला सांगता येईना. “चढावर बंद पडली तर पुन्हा चालू व्हायची न्हाय.”

दुसऱ्या गाडीचा भरवसा नव्हता. बहीण माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, चला.

शेजारच्या मळ्यातल्या बाईनं तांब्याची भरलेली कळशी दिली. येताना परत द्या, असं कानडीत सांगितलं. ओझं कमी व्हावं म्हणून सासूबाई आणि मी उतरलो. मोटर माणसाच्या चालीनं, धक्के खात, मागं पांढरी वाफ सोडत चढू लागली. वाफेला करपलेल्या हळदीचा वास होता. कमरेवर कळशी घेऊन मी खिडकीला लागून चालत होते. आतून बहिणीनं माझं मनगट धरलेलं. कळ आली की बोटं रुतत. त्या वेळा मी लिहिल्या नाहीत.

“आक्का, बंद पडतीया का गं?” दर वळणावर ती विचारी. दर वेळी मी नाही म्हणत होते, आणि कान इंजिनाकडं. एका वळणावर सासूबाईंनी कळशी माझ्याकडून घेतली.

माथ्यावर उरलेलं पाणी बेताबेतानं ओतलं आणि आम्ही पुन्हा आत बसलो. पुढं काकतीकडं उतार होता. बेळगावात दवाखान्याच्या दारात मोटर बंद पडली ती पडलीच. भाची दुपारी झाली. वीतभर, पण रडली.

त्या पानावरच्या सगळ्या कामांपुढं खूण आहे. एकच राहिलंय: घाटाखालची कळशी पोचती करणे.