मागच्या सीटवरच्या कोराताई

कोराताईंच्या दाराची बेल वाजवली की दार लगेच उघडत नसे. आधी वरच्या मजल्यावरचा पडदा बोटभर सरके, मग खिडकीत त्यांचं डोकं दिसे, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकून झाली की हाक येई, “थांब, आले.” ॲमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. इथे चोरसुद्धा शेजाऱ्यांना कळवून येईल, असं माझा नवरा म्हणायचा. मलाही सुरुवातीला हा बाईंचा विक्षिप्तपणाच वाटला.

बाई फिलिपिनो, पन्नाशीच्या, ठेंगण्या. बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या हेंकशी दुसरं लग्न करून इथे आल्या होत्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मी त्यांना ताई म्हटलेलं त्यांना आवडे. इथे येण्याआधी त्या आपल्या गावच्या नगरसेविका होत्या. गाव केवढं, तर एक चर्च, समोर चौक, चौकापलीकडे पालिका आणि मग नदीपर्यंत भातशेती. शेजारच्या मोठ्या गावातून ते फुटून वेगळं झालं तेव्हा आत्ताच्या मेयरचे आजोबा पहिले मेयर झाले. मग त्यांचा मुलगा, मग नातू. लागोपाठ तीन मुदती झाल्या की कायद्याने थांबावं लागे, तेव्हा घरातली सून बसे. “खुर्ची हलत नाही, उशी तेवढी बदलतात,” ताई म्हणायच्या, आणि हे म्हणताना आल्मेरेतल्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही आवाज खाली आणायच्या.

नदीतली वाळू उपसायचं काम मेयरच्या मेहुण्याला द्यायचा ठराव आला होता. वाळू म्हटल्यावर मला पुढचं फारसं समजावून सांगावं लागलं नाही. विरोधात उघड बोलणारे दोघंच, ताई आणि रामोन नावाचा त्यांचा सहकारी. “आमच्याकडे ठरावाच्या आदल्या दिवशी निम्म्या सभासदांना ताप येतो,” ताई सांगायच्या. सभा संपली की त्या रामोनच्या मोटारसायकलवर मागे बसत, तेही त्याच्या पाठीला पाठ लावून, उलट्या. तो पुढचा रस्ता बघे, त्या मागचा. मागे बाई असली की गोळी घालणारा जरा बिचकतो, असा त्यांचा हिशोब होता. मग एका सभेच्या दिवशी ताईंनाही ताप आला. रामोन एकटा निघाला आणि घरी पोचला नाही. हे त्यांनी मला कांदा चिरता चिरता सपाट आवाजात सांगितलं. ताप खरा होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

एकदा मी त्यांना आमच्या खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या बैठकीला घेऊन गेले. विषय झाडं तोडण्याचा. एक म्हातारा उठला, त्याने अधिकाऱ्यांना चांगलं फैलावर घेतलं, कॉफी प्यायला आणि सायकल काढून निघाला. ताई माझ्या आधी बाहेर धावल्या. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत त्या फुटपाथवर उभ्या होत्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता, की मलाही त्या रिकाम्या रस्त्याची भीती वाटायला लागली.

ताईंच्या गावच्या पुढच्या निवडणुकीत त्यांचा धाकटा भाऊ नेस्तर नगरसेवक झाला, आणि वर्षभरात वाळूचा ठराव पुन्हा आला. त्या दुपारी ताई माझ्याकडे आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“मी त्याला म्हटलं, आजारी पड. ऐकत नाही. म्हणतो, तू निघून गेलीस, आता मी कुठे जाऊ?”

“तिथे पोलीस नाहीत का?”

“आहेत ना. मेयरच्या दारात उभे असतात.” मग म्हणाल्या, “मी तिकीट काढलंय. त्याच्या मागे बसायला कुणीतरी हवं.”

“हेंकना सांगितलंत?”

“सांगितलं. तो बागेत जाऊन बसलाय.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“मीना, भीती वाटते म्हणून तर जातेय. त्याला वाटत नाही.”

तिथली दुपार म्हणजे आमची सकाळ. ठरावाच्या दिवशी मी ॲमस्टरडॅमच्या गाडीत बसले होते, फोन मुठीत. बाजूचा माणूस पेपर वाचत होता आणि मला त्याचा राग येत होता. अखेर हेंकचा फोन आला. ठराव एका मताने पडला होता, दोघं घरी पोचली होती. मी सगळ्यांच्या देखत रडले.

आठवड्याने मी ताईंना फोन लावला. पलीकडे कोंबडे आरवत होते, त्या दमलेल्या वाटल्या. मी आनंदातच विचारलं, “मग परतीचं तिकीट कधीचं?”

“कसलं परतीचं?” ताई म्हणाल्या. “सभा दर सोमवारी असते. नेस्तरची मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत.”