सहाच्या खेळात गाळलेली अंगाई

गुणवंत खंडारेंनी अकोल्याच्या टॉकीजमध्ये तीस वर्षं सिनेमा दाखवायची मशीन चालवली. एका जुन्या कौटुंबिक संगीतपटावर त्यांचा भारी जीव. पुढं तो दोनदा नव्यानं निघाला. दोन्ही वेळा ते एकटेच पाहून आले आणि दुसऱ्या खेपेला घरी येऊन चिडले, "अंगाईची पार माती केली. एकीत आई नटूनथटून गाते, दुसरीत लेकरू सोडून नाचते."

"मले दाखवा ना एकदा," बायको शेवंताबाई म्हणायची.

"जुन्याची सर नाही त्याले. तू कायले पायतं?"

ती गेल्यावर सिनेमा तिसऱ्यांदा निघाला. लेक दीक्षा त्यांना अमरावतीला घेऊन गेली. अंगाई सुरू होताच ते पुटपुटले, "तुही आई असती तर म्हनली असती, जुनीच बरी."

"आईनं ती पाह्यलीच कुठं, बाबा? आई तुमचा डबा घेऊन यायची अन् सहाचाच खेळ पाह्यची. खेड्यावरच्या लोकायची शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्या खेळात तुमीच ते गाणं गाळत होते ना."

पडद्यावरच्या आईनं पाळण्याला हातसुद्धा लावला नव्हता. गुणवंतरावांना वाटलं, अशी का असेना, त्या दोनातली एखादी तरी तिला दाखवायला पाहिजे होती.