मजुरीच्या बदल्यात एक टेबल

मेकॅनिकबाईंची मजुरी वसूल करायची तऱ्हाच वेगळी. प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. तरी भलेभले डॉक्टरेटवाले फोनवर अजिजीने विचारतात, "बाई, कधी येता?" बाई येतात, यंत्र उघडतात आणि स्क्रूला हात लावण्याआधी अट घालतात: निम्मी मजुरी रोख, निम्म्याच्या बदल्यात दोन महिने एक टेबल. त्या टेबलाशी एम.एस्सी.ची एखादी मुलगी बसणार, खरं संशोधन शिकणार. तिच्या राहण्याजेवण्याचा खर्च बाईंच्या रोख मजुरीतून. शिफारसपत्रांच्या रांगेत जिचा नंबर सात जन्मांत लागणार नाही, नेमकी तीच मुलगी बाई हुडकून आणतात. अशा अकरा झाल्या. योजनांची भाषणं ठोकणाऱ्यांनी किती मार्गी लावल्या, विचारा एकदा.

बारावी मुलगी त्या दिवशी एका संशोधन संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. आज होकार आला नाही, तर मामा तिला सोमवारपासून दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार होता.

आत बाईंनी नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज तासाभरात सुरू केलं. संचालक खूश. पण टेबलाचा विषय निघाला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मजुरी पूर्ण घ्या बाई. मुलगी नको."

"का? तिला शिंगं आहेत?"

"तुमची गेल्या वर्षीची आठवते? आमच्या संशोधक मॅडमनी तीन आठवडे जिवाणू वाढवले होते. चाळीस नळ्या. तिने एका संध्याकाळी सगळ्या घासून लख्ख केल्या. वर उपड्या घालून वाळतही ठेवल्या."

बाईंना हे नवीन होतं. ती मुलगी तब्येतीचं कारण सांगून परतली होती.  बाईंचा पारा चढला.

"साहेब, तिच्या कॉलेजात नळ्या किती, ठाऊक आहे? तीस. पोरं नव्वद. संध्याकाळी धुतल्या नाहीत तर सकाळची बॅच हात हलवत घरी जाते. चार वर्षं हेच अंगवळणी पडलंय तिच्या. इथे तसं नसतं, हे कुणी सांगितलं तिला?"

"एवढं पण सांगावं लागतं?"

"लागतं. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवा, नाहीतर यंत्र नाचतं, हे मघाशी तुम्हाला सांगावं लागलंच की."

दारातून हसण्याचा आवाज आला. नळ्यावाल्या मॅडम यंत्र सुरू झालं का बघायला आल्या होत्या. हसता हसता त्या एकदम गंभीर झाल्या.

"मी तिच्यावर इतकी ओरडले, की दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मला वाटलं, बेफिकीर आहे. का धुतल्या, एवढं विचारलं नाही मी." मग संचालकांकडे वळून, "बाहेरची मुलगी मला द्या. आणि त्या जुन्या मुलीलाही बोलवा, तिचे पाच आठवडे बाकी आहेत."

"दोघींना पैसे कुठून?"

"एकीचे माझे," बाई म्हणाल्या.

"दुसरीचे माझ्या प्रकल्पातून," मॅडम म्हणाल्या. "मदतनिसाची रक्कम वर्षभर पडून आहे. परत पाठवून कुणाचं भलं होणार?"

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं. दोन बायका एका बाजूला झाल्यावर शहाणा माणूस सही करतो.

मॅडम बाहेर आल्या तशी पोरगी ताडकन उठली. "उद्यापासून येऊ?"

"आत्तापासून. जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी कँटीन, नंतर जिवाणू."

"मामाला काय सांगू? सोमवारपासून दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार होता."

"गल्ल्यावर दुसरं कुणी बघा म्हणावं."

बाई तोवर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोन लावत होत्या. पलीकडून उचलला गेला.

"तब्येत कशी आहे गं?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

 पलीकडून हुंदका आला.

"रडून झालं की बॅग भर," बाई म्हणाल्या. "तुझ्या मॅडम वाट बघतायत."