गळाची स्टेपनी

खांदा कॉलनीतून निघालो तेव्हा गाडीच्या टपावर पिवळी कायाक, म्हणजे दोघांची वल्ह्याची निमुळती होडी, बांधलेली होती आणि शेजारच्या सीटवरून अप्पा मला गाठी तपासायला सांगत होते.

"पुन्हा एकदा बघ, नंदे. टपावरचा माल ड्रायव्हरला दिसत नाही."

माझ्या वडिलांनी जन्मभर लाल बस चालवली. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात अधू झाला त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण त्यामुळे खाडीवर गळ टाकणं बंद झालं, ते मात्र त्यांना फार लागलं. एका हाताने काठी धरणार की दोरी गुंडाळायचं रीळ फिरवणार? एक तरी मासा स्वतः ओढायचा, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्यासाठी मी पुण्याहून रजा टाकून आले होते.

उपाय इंटरनेटवर सापडला. रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी खोचून ठेवायची तिरकी नळी. काठी नळीत राहील, रीळ डाव्या हाताने फिरेल. व्हिडिओतले सगळे ती सीटच्या मागे बसवत होते, म्हणून आम्हीही अप्पांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढच्या सीटमागे खुणा केल्या. अप्पा कायाकमध्ये बसले, कमरेतून वळले, हात व्यवस्थित पोचला. मग मी ड्रिल चालवलं, नळीखाली रबर घातलं, कडेने सिलिकॉन भरलं. माझ्या मते डावीकडे एकच नळी पुरे होती. अप्पांना उजवीकडेही हवी होती.

"स्टेपनी नको का?" ते म्हणाले.

अधू हाताच्या बाजूला नळी कशाला, ते मला कळेना. पण ड्रायव्हरशी स्टेपनीवरून कोण वाद घालणार!

वाटेत जासईला कंटेनरच्या ट्रेलरांची ही रांग. अप्पांनी प्रत्येक ट्रेलरवाल्याला मनसोक्त नावं ठेवली. पुढे गोदामांच्या मागून एक कच्चा रस्ता खाडीवर उतरतो. भरती लागली होती. काठावर हिराबाय नावाच्या कोळीणबाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि त्यांनी नळीत बोट घालून पाहिलं.

"ही होरी हाय? आनि या भोका कसल्या?"

"आम्हीच पाडली."

"चांगल्या होरीला सोताच्या हातान भोका पारली?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात नवी होरी नारल फोरल्याबिगर पान्यान घालीत नाय. तुमी नारल बी नाय आनला?"

आम्ही दोघंही ओशाळलो. त्यांनीच घरातून नारळ आणला. अप्पांनी तो डाव्या हाताने दगडावर आपटला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा फुटला. खोबऱ्याचा एक तुकडा खाडीला दिला, उरलेलं आम्ही तिघांनी खाल्लं.

लाइफ जॅकेट घालून निघालो. पुढे अप्पा, मागे मी वल्हं मारत. गळाला कोळंबी लावून काठी डाव्या नळीत खोचली. पाणी शांत होतं, मला प्रत्येक बुडबुड्याचं कुतूहल वाटत होतं. तेवढ्यात काठी थरथरली. अप्पा झटकन मागे वळले आणि त्यांच्याबरोबर अख्खी कायाक कलली! मी किंचाळले. पार्किंगची फरशी काही डुलत नव्हती, हे खुणा करताना दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कायाक सावरेपर्यंत मासा कोळंबी घेऊन पसार झाला.

"चल परत," अप्पा म्हणाले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पाडलेली भोकं आता हलवता थोडीच येणार होती!

काठ जवळ आला तसं ते म्हणाले, "मागचं बघायला आरसा लागतो. बसवायचा का एक?"

मला हसू फुटलं. ते मात्र हसत नव्हते, विचार करत होते. "नाहीतर असं करू. मीच उलटा बसतो."

काठावर सीटची पाठ टेकायची पट्टी सोडून उलटी बांधली. अप्पा माझ्याकडे तोंड करून बसले, पाय माझ्या पायांजवळ. आता नळ्या त्यांच्या पुढ्यात आल्या. आणि त्यांच्या डाव्या हाताशी आली ती उजवीकडची, म्हणजे स्टेपनी.

"बघितलंस?" ते म्हणाले. मी काठी त्या नळीत खोचली.

पुन्हा पाण्यात जाऊन कोळंबी लावून बसलो. जरा अवघडायला झालं. जन्मभर त्यांच्या मागे बसलेली मी, इतका वेळ समोरासमोर कधी बसलेच नव्हते.

"तुझे केस पिकले, नंदे."

"कधीच, अप्पा."

ते आणखी काही विचारणार होते, पण काठी वाकली. या वेळी त्यांना वळावं लागलं नाही. डाव्या हाताने ते रीळ फिरवत राहिले, मधे थांबले, दम खाल्ला, पुन्हा फिरवलं. वर आला तो तळहाताएवढा शिंगाळा. त्याचा विषारी काटा सांभाळून मी गळ सोडवला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तिथे जागाच नव्हती.

हिराबायने मासा उलटसुलट पाहिला. "यवढासाच हाय. पन ताजा हाय, कालवन कर."

परतताना जासईला पुन्हा ट्रेलरांत अडकलो. या खेपेला अप्पांचं ट्रेलरांकडे लक्षच नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या रजेत ती भोकं बुजवते आणि नळ्या पुढे बसवते. म्हणजे तुम्हाला नीट सरळ बसता येईल."

पायाशी ठेवलेल्या शिंगाळ्याच्या पिशवीकडे ते बघत होते.

"नको. आहेत तिथेच राहू देत. सरळ बसलं की खाडी दिसते, तू दिसत नाहीस."