भावजींच्या फळ्यावरची खालची ओळ

आमचे धाकटे दीर चष्मेवाले. माणूस सज्जन, कामात चोख, आणि स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत एक नंबरचा भित्रा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बॅटरी मारताना "काही होत नाही हो!" म्हणणार, आणि त्यांच्या डोळ्यात औषधाचे दोन थेंब घालायचे तर जाऊबाईंना त्यांना पलंगावर आडवं पाडून छातीवर गुडघा रोवावा लागे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच झालं.

दुकानात पूर्वी छापील तक्ता होता. वर मोठी अक्षरं, खाली बारीक बारीक होत गेलेली. एकदा एक बसड्रायव्हर नजर तपासायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. एकही चूक नाही. फक्त तोंड खुंटीवरच्या कोटाकडे होतं. त्याच दिवशी भावजींनी तक्ता उतरवला आणि भिंतीवर फळा ठोकला. रोज सकाळी नवा मजकूर, म्हणजे पाठांतराची सोयच नको.

पण रोज नवा मजकूर आणायचा कुठून? भावजींना सापडले दिनविशेष. कुठल्याही तारखेला जगात कुणी ना कुणी काहीतरी पाळत असतं, आणि एकाच तारखेवर एक शहाणा आणि दोन वेडे हक्क सांगत असतात, हा त्यांचा शोध. काही रेडिओवर ऐकायचे, काही वर्तमानपत्रात. काही, माझा पक्का संशय आहे, स्वतःच पाडायचे. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "वहिनी, जगात कुठेतरी असेलच की."

मांडणीही त्यांचीच. वर भल्यामोठ्या अक्षरांत 'सदरा उलटा घालण्याचा दिवस', मध्ये 'जुन्या मित्राची चौकशी करण्याचा', आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'रक्तदानाचा'.

"भावजी, हा फळा उलटा आहे," मी म्हटलं. "रक्तदान वर घ्या आणि तुमचा तो सदरा घाला खाली."

"गंमत कुणीही वाचतं, वहिनी. महत्त्वाचं वाचायला जरा ताणू देत की डोळे."

"आणि ताणूनही दिसलं नाही तर?"

"तर चष्मा घ्या. मी काय इथे हवा खायला बसलोय?"

दुकानाचं दार सताड उघडं, त्यामुळे फळा रस्त्यावरूनही दिसायचा. हळूहळू सगळी गल्ली ते दिवस पाळू लागली, ज्याला जेवढं दिसेल तेवढं. समोरच्या शिंपीणबाईंची लांबची नजर घारीची. त्या थेट खालची ओळ वाचायच्या, आणि इतक्यांदा रक्त द्यायला गेल्या की शेवटी तिथल्या नर्सने हात जोडून परत पाठवलं. उलट आमच्या शेजारचे निवृत्त न्यायाधीश. त्यांना वरच्या ओळीपलीकडे काही दिसत नसे आणि चष्मा लावणं त्यांच्या शानीत बसत नसे. ते उलटा सदरा घालून, शिवण बाहेर, पूर्वीच्याच रुबाबात फिरायला निघत. कोण काय पाळतंय ते पाहावं आणि त्याचा नंबर ओळखावा. तपासायची गरज नाही.

असं बरंच चाललं. मग एकदा भावजींनी माझे डोळे तपासले आणि म्हणाले, "वहिनी, अभिनंदन! नंबर उतरला." मी हुरळले. माझी बाटलीच्या बुडाएवढी भिंगं कपाटात टाकून दिली आणि नवा नाजूक चष्मा मिरवत निघाले. पहिल्याच आठवड्यात शिंपीणबाईंच्या दुकानातल्या पुतळ्याला "बऱ्या आहात ना?" म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून मनातल्या मनात रागावलेही.

पण माझी खरी ट्यूब पेटली ती त्या सकाळी. मी भाजी घेऊन येत होते आणि कुणीतरी पाठीनेच येऊन माझ्यावर आदळलं. न्यायाधीश! हातात रोपाची कुंडी.

"मागे बघा की जरा!" मी खेकसले.

"मीच मागे चालतोय, आज उलटं चालण्याचा दिवस आहे. बघायचं तुम्ही."

"आणि ही कुंडी?"

"झाड लावण्याचाही आहे. खालच्या ओळीत. स्वच्छ दिसलं मला."

"तुम्हाला? खालची ओळ?"

"नजर सुधारलीय माझी. तुमच्या दिरांनीच सांगितलं."

मी घरी गेले, कपाटातली जुनी भिंगं डोळ्यांवर चढवली आणि तडक दुकान गाठलं. खालच्या ओळीतली अक्षरं वांग्याएवढी होती. ती सगळ्यांनाच दिसत होती, म्हणून सगळेच पास होत होते. आणि भावजी नाकाने फळा पुसला जाईल इतकं जवळ जाऊन, त्याच अक्षरांचे काने दुरुस्त करत होते.

"भावजी, मोतीबिंदू."

"छे हो. खडूच जाड येतोय हल्ली."

आतून जाऊबाई कडाडल्या. "ऐका, ताई! चहात माशी पडली तर म्हणतात, पत्ती जाड आलीय. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, आता काढला नाही तर पुढे अवघड होईल. कुणाचं ऐकतील तर शपथ!"

"डॉक्टर काय, सुरी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात," भावजी म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता.

मी त्यांना हसले नाही. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चष्मेवाल्यालाच दिसत नाही हे बाहेर फुटलं असतं तर दुकानाला कुलूप. आणि भावजींना दुकानाशिवाय काही येत नाही. घरी बसवलं तर आठवडाभरात जाऊबाईंनी त्यांना विकलं असतं. बरं, समजावून उपयोग नाही. भित्र्या माणसाला सगळे युक्तिवाद आधीच पाठ असतात, त्या ड्रायव्हरसारखे.

दुसऱ्या सकाळी जाऊबाईंनी लवकर दुकान उघडलं आणि फळा मी लिहिला. तीन ओळी, खालची अस्सल मुंगीएवढी. भावजी आले तेव्हा खुर्चीत न्यायाधीश होते आणि दारात शिंपीणबाई, मुद्दाम बोलावलेल्या.

"आज तुम्ही वाचा," मी म्हटलं.

"मी? मी कशाला?"

न्यायाधीशांनी उठून खुर्ची दिली. "बसा. खरं सांगा. खरं तेच सांगा."

भावजी बसले. पहिली ओळ झोकात वाचली, "डोक्यावर उशी घेऊन फिरण्याचा दिवस!" दुसऱ्या ओळीपाशी क्षणभर थांबले, मग छाती फुगवून सुरू झाले, "जगातल्या सर्व लहानथोरांनी एकमेकांशी मनमोकळा संवाद साधण्याचा आणि..."

"दोनच शब्द आहेत," दारातून शिंपीणबाई म्हणाल्या. "मौन दिवस."

"साक्षीदार फितूर," न्यायाधीश पुटपुटले.

"आणि खालची?" मी विचारलं.

भावजींनी डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटला, दुसरा मिटला. "अक्षर तुमचं आहे ना, वहिनी? मग ते कुणालाच लागणार नाही."

"मला लागतंय की," शिंपीणबाई म्हणाल्या. "चष्मेवाल्याने डोळे दाखवण्याचा दिवस. गाडी बाहेर उभी आहे."

"असा दिवस नसतो!"

"भावजी," मी म्हटलं, "जगात कुठेतरी असेलच की."

त्यांनी बाहेर पाहिलं. गाडी मोठी होती, ती त्यांना दिसली. मग बराच वेळ मांडीवरचा खडूचा भुगा झटकत राहिले आणि पोरासारखं हळूच विचारलं, "दुखेल का हो?"

आणि सगळं दुकान एका सुरात ओरडलं, "काही होत नाही हो!"

झालंही नाही. आधी एक डोळा, महिन्याभराने दुसरा. पट्टी निघाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हा शर्ट पांढरा आहे? मी वर्षभर पिवळा समजून घालत होतो." दुसरं, फळ्यासमोर उभं राहून, "अरे देवा, ही कुणाची अक्षरं?" मग सगळ्या गल्लीला परत बोलावून तपासलं. माझा नंबर आधीपेक्षा वाढलेला निघाला, न्यायाधीश परत वरच्या ओळीवर आले.

ती तारीख भावजी आजही चुकवत नाहीत. वर मोठ्या अक्षरांत उशी, त्यामुळे न्यायाधीश उशी घेऊन फिरतात. आणि अगदी खाली डोळे दाखवण्याचा दिवस, म्हणे. मी अजून तो नाजूक चष्माच मिरवते, त्यामुळे मला काही तो वाचता येत नाही. जाऊबाई सांगतात.